नाताळ इंडियन काँग्रेस

दक्षिण आफ्रिकेतील नाताळ ह्या ब्रिटिश वसाहतीत स्थायिक झालेल्या भारतीयांची सार्वजनिक संस्था. स्थापना दरबान येथे २२ ऑगस्ट १८९४ रोजी. संस्थेचे पहिले अध्यक्ष दादा अब्दुल्ला आणि कंपनी ह्या पेढीचे अब्दुल्ला हाजी आदम हे होते व पहिले मानद चिटणीस मोहनदास करमचंद गांधी (१८६९–१९४८) हे चोवीस वर्षे वयाचे बॅरिस्टर होते. महात्मा गांधींच्या आत्मचरित्रात स्थापनेचा दिवस २२ मे असा दिला आहे. परंतु ज्या विधेयकामुळे संस्था काढण्याची गरज भासली, त्याविरुद्धचा पहिला अर्ज जून १८९४ अखेरचा असल्याने आणि संस्थेची घटनाही ऑगस्टमधील असल्याने ती तारीख स्मरणदोषाने पडली असावी. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांच्या लढ्याचा आरंभ म्हणून ह्या संस्थेचा उल्लेख नेहमी होतो. तथापि आणखी एका दृष्टीने तिचा इतिहास पाहण्याजोगा आहे. परदेशी गेलेल्या एका व्यावसायिकाने तेथील आपल्या बांधवांच्या संस्थेचे काम विनावेतन करावयाचे, तर त्याचा निर्वाह कोणी करावा आणि त्या निर्वाहाच्या सोयीमुळे संस्था कोणाची ठरते, हे प्रश्न तिच्या पहिल्या सात वर्षांत स्पष्टपणे पुढे आले.

नाताळमधील ऊसमळ्यांसाठी भारतातून मजूर नेण्यास १८६० मध्ये सुरुवात झाली. मद्रासहून निघालेले ‘ट्रूरो’ हे जहाज १६ नोव्हेंबर १८६० रोजी दरबानला पोहोचले. तेव्हापासून १९११ पर्यंत सु. दीड लाख स्त्रीपुरुष पाच वर्षांच्या कराराने तेथे गेले. ‘अ‍ॅग्रीमेंट’ ह्या शब्दाचे लोकांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले व करारबद्ध मजुरास ‘गिरमिटिया’ म्हणू लागले. पहिल्या वर्षी दरमहा १० शिलिंग व पुढे दरवर्षी एकेक शिलिंग वाढून पाचव्या वर्षी १४ शिलिंग, असे वेतन असे. मालकाच्या परवानगीवाचून मळा सोडणे हा फौजदारी गुन्हा होता. ह्या मजुरांच्या पाठोपाठ १८७० नंतर स्वखर्चाने आलेल्या गुजराती, विशेषतः मेमन व बोहरा मुसलमान व्यापाऱ्यांचा एक वर्ग तेथे उभा राहिला. त्यांची दुकाने गोऱ्या दुकानदारांशी स्पर्धा करू लागली. गिरमिट संपलेले मजूर भाजीपाला पिकवून विकू लागले. तेव्हा मजूर हवेत, पण ते मोकळे झाल्यावर वसाहतीत नकोत, असे गोऱ्यांचे धोरण बनत गेले. १८९३ मध्ये नाताळला जबाबदार राज्यपद्धती मिळाली आणि ह्या धोरणाला कायद्याचे रूप देणे सोपे झाले.

मे १८९३ मध्ये गांधी दरबानला आले ते वर्षभराच्या कामासाठी. दादा अब्दुल्ला पेढीचा प्रिटोरियात एक मोठा दावा चालू होता. त्यात पेढीच्या वकिलांना साहाय्य करण्याबद्दल १०५ पौंड मोबदला, पहिल्या वर्गाचे जाण्यायेण्याचे भाडे व राहण्याजेवण्याचा खर्च असे ठरले होते. दावा लवादाने मिटला. जून १८९४ मध्ये ते परत निघाले असता निरोपाच्या प्रसंगी वृत्तपत्रातील एका लहानशा बातमीवर त्यांची दृष्टी गेली. भारतीयांना मताधिकारातून वगळणारे विधेयक नाताळच्या विधिमंडळापुढे होते आणि जमलेल्या व्यापाऱ्यांपैकी कोणालाही त्याची नीटशी माहिती नव्हती. ह्यात नवल नव्हते. ५० पौंडांची स्थावर मालमत्ता किंवा वर्षाला १० पौंड घरभाडे ही मताधिकाराची अट पुष्कळ व्यापारी पुरी करीत; पण मतदार म्हणून त्यांची नावे लागली, ती पेढीचे गोरे वकील हॅरी एस्कंब ह्यांना निवडणुकीत मतांची गरज पडली म्हणून. १८९५ साली गांधींनी प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत यूरोपीय मतदार ९,३०९ आणि भारतीय मतदार २५१ असे आकडे आहेत. विधेयकामागची भीती किती अवास्तव होती, ते ह्यावरून दिसते.

व्यापाऱ्यांनी गांधींना महिनाभर राहण्याचा आग्रह केला. फीचा विषय निघताच सार्वजनिक कामाला फी असू शकत नाही, असे त्यांनी सांगितले. तारा, छपाई व प्रवास ह्यांसाठी पैसा आणि काम करणारी माणसे मात्र मागितली. एका रात्रीत अर्जाच्या प्रती हाताने लिहून काढण्यात आल्या व सह्यांचा अर्ज विधिमंडळाकडे गेला. विधेयक संमत झालेच. पुढील पंधरवड्यात व्यापारी स्वतःच्या वा भाड्याच्या गाड्यांतून गावोगाव हिंडले आणि वसाहतमंत्री लॉर्ड रिपन ह्यांच्याकडे सु. दहा हजार सह्यांचा अर्ज धाडण्यात आला. लंडनने त्या विधेयकास संमती नाकारली. १८९६ मध्ये वंशाचा उल्लेख टाळून, परंतु तोच परिणाम साधणारा दुसरा कायदा नाताळने केला. ज्या देशांत संसदीय मताधिकारावर आधारलेल्या प्रातिनिधिक संस्था नाहीत, तेथून आलेल्यांना तो मताधिकार नाकारीत होता.

काम महिन्याभरात संपणारे नाही, हे उघड झाल्यावर निर्वाहाचा प्रश्न आला. बॅरिस्टरला शोभेल असे बिऱ्हाड करावयाचे तर वर्षाला ३०० पौंड तरी लागतील, असा गांधींचा अंदाज होता. तेवढी रक्कम सार्वजनिक निधीतून देण्याची व्यापाऱ्यांची तयारी होती. गांधींनी ती नाकारली. आपले काम मुख्यतः इतरांकडून काम करवून घेण्याचे आहे, त्याचे वेतन कसे घ्यावयाचे, असा त्यांचा एक मुद्दा होता. दुसरा अधिक व्यावहारिक होता. चिटणिसाला वारंवार वर्गणी मागावी लागणार, प्रसंगी सभासदांना कठोर शब्द ऐकवावे लागणार. त्यांच्याच पैशांवर जगणाऱ्याला ते जमणार नाही. अखेर सु. वीस व्यापाऱ्यांनी आपापली वकिलीची कामे एका वर्षापुरती त्यांना बांधून दिली आणि दादा अब्दुल्लांनी निरोपादाखल द्यावयाच्या थैलीऐवजी घराचे सामान घेऊन दिले. ३ सप्टेंबर १८९४ रोजी, वकील संघटनेचा विरोध डावलून, नाताळच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना वकिलीची सनद दिली. त्यांच्या वतीने अर्ज सादर करणारे महान्यायवादी म्हणजे हेच एस्कंब होत. न्यायालयाच्या आज्ञेने गांधींना पगडी उतरावी लागली; मोठ्या लढ्यासाठी शक्ती राखून ठेवावी, असे म्हणून त्यांनी ती उतरविली. मित्रांना ते रुचले नाही.

ही निर्वाहाची व्यवस्था चातुर्याची होती. संस्थेच्या तिजोरीवर चिटणिसाचा भार नव्हता आणि व्यापाऱ्यांना पैशाच्या मोबदल्यात खरीखुरी वकिली मिळत होती. तरीही संस्थेचा चिटणीस आणि तिच्या प्रमुख देणगीदारांचा वकील ही एकच व्यक्ती होती, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. मताधिकार, व्यापारी परवाने व प्रवेशनिर्बंध ह्या ज्या तीन प्रश्नांवर काँग्रेसने सर्वांत अधिक शक्ती वेचली, ते मुख्यतः व्यापारी वर्गाचे प्रश्न होते. मॉरीन स्वान ह्या इतिहासकार विदुषीने १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात काँग्रेस ही मूलतः व्यापाऱ्यांची संस्था होती, असे प्रतिपादन केले आहे. पहिल्या सात वर्षांपुरते ते बव्हंशी मान्य करावे लागते. तिचे डावपेच व्यापाऱ्यांना सोयीचे होते, हे खरे. मात्र तिची कार्यपद्धती व्यापाऱ्यांनी घडविलेली नव्हती आणि तिचा पुढील परिणामही त्यांच्या हाती राहिला नाही.

ह्या कार्यपद्धतीचा तपशील बोधप्रद आहे. वर्गणी दरमहा किमान पाच शिलिंग ठरली. अब्दुल्ला शेटांनी यादीच्या शिरोभागी दोन पौंड लिहिले. गांधींनी स्वतःच्या नावे एक पौंड घातला. महिन्याभरात सु. ३०० सभासद झाले. हिंदू, मुसलमान, पारशी व ख्रिस्ती अशा सर्वांचा त्यांत समावेश होता. परंतु आकडा घालणे सोपे व दरमहा तो वसूल करणे कठीण, असा अनुभव लवकरच आला. दरबानमधील सभासदही वारंवार फेऱ्या घातल्याशिवाय पैसे देत ना. वसुलीचे काम चिटणिसाचेच होते आणि त्यासाठी गांधींच्या कचेरीतील कारकून दिवसभर अडकून पडू लागला. तेव्हा वार्षिक किमान तीन पौंड वर्गणी आगाऊ घेण्याचे ठरले. कोणाकडूनही उसने घ्यावयाचे नाही व निधीत असेल त्याहून अधिक खर्च करावयाचा नाही, असा नियम होता. प्रत्येक रकमेची पावती दिली जाई. पावत्या व अहवाल छापण्याचा खर्च टाळण्यासाठी सुरुवातीस त्यांच्या प्रती सायक्लोस्टाइल यंत्रावर काढीत. सभांतून इतिवृत्त वाचले जाई. पुष्कळांना सभेत उभे राहून बोलण्याची सवय नव्हती. ती नियमित सभांमुळे लागली.

वर्गणीसाठी चिटणीस व व्यापारी मिळून गावोगाव जात. टोंगाट येथील प्रसंग प्रसिद्ध आहे. ज्यांच्या घरी मंडळी उतरली होती, त्या प्रमुख व्यापाऱ्याकडून सहा पौंडांची अपेक्षा होती व ते तीनच देऊ करीत होते. त्यांच्याकडून तीन घेतले असते, तर इतरांनीही तोच आकडा धरला असता. रात्र झाली, सर्व भुकेले होते, तरी ठरलेली वर्गणी मिळेपर्यंत जेवावयाचे नाही, असे मंडळींनी ठरविले. गावातील इतर व्यापाऱ्यांनी यजमानांचे मन वळविण्याचा यत्न केला. सारी रात्र तशीच गेली आणि पहाटेच्या सुमारास यजमानांनी सहा पौंड देऊन सर्वांना जेवू घातले. पुढील काळातील उपोषणांचे बीज ह्या प्रसंगात पाहण्याचा मोह होतो. पण गुजराती पेढ्यांच्या जगात यजमानाच्या दारी उपाशी बसणे हा देणे वसूल करण्याचा एक परिचित मार्गही होता.

तीन पौंड ह्याच आकड्याशी काँग्रेसच्या इतिहासातील दुसरा, अधिक कटू भाग निगडित आहे. गिरमिट संपल्यावर मजुराने भारतात परतावे, नव्याने गिरमिट करावे किंवा वर्षाला २५ पौंड कर भरावा, अशी नाताळ शासनाची १८९४ मधील योजना होती. व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन ह्यांनी २५ ऐवजी तीन पौंडांस संमती दिली व १८९५ मध्ये तसा कायदा झाला. सोळा वर्षांवरील पुरुष आणि तेरा वर्षांवरील मुलगी ह्यांना तो लागू होता. नवरा, बायको व दोन मोठी मुले असलेल्या कुटुंबावर वर्षाला बारा पौंड बोजा पडे. गिरमिटातील शेवटच्या वर्षीच्या वेतनाने मोजले, तरी एकट्या पुरुषाचा कर हीच चार महिन्यांहून अधिक दिवसांची मजुरी होती. काँग्रेसने ह्या कराविरुद्ध मोठी मोहीम चालविली. आकडा २५ वरून तीनवर आला, त्याला ती काही अंशी कारण झाली असेल. पण कर कायम राहिला. जो आकडा दुकानदारास सभासदत्वाची वर्गणी म्हणून देता येत होता, तोच मजुराला भूमीवर राहण्याचा दंड म्हणून भरावा लागणार होता आणि त्याच आकड्यामुळे काँग्रेसचे दार त्याला बंद होते. गिरमिटिये काँग्रेसच्या बाहेर होते, वर्गणी भरून सभासद होणे त्यांना शक्य नव्हते, असे गांधींनीही लिहून ठेवले आहे. त्यांना जोडून घेण्याचा एकच मार्ग उरत होता, तो त्यांची सेवा करण्याचा.

तशी वेळ बालसुंदरम् ह्या तमिळ गिरमिटियाने आणली. गांधींची वकिली सुरू होऊन तीनचार महिनेच झाले होते. मालकाने मारहाण केल्यामुळे पुढचे दोन दात पडलेले, तोंडातून रक्त वाहत आहे, कपडे फाटलेले व फेटा हातात धरलेला, अशा स्थितीत तो त्यांच्या कचेरीत आला. गोऱ्यासमोर जाताना डोक्यावरचे काढून हाती धरण्याची सक्ती मजुराच्या इतकी अंगवळणी पडली होती, की स्वदेशी वकिलापुढेही तो तसाच उभा राहिला. गांधींनी त्यास फेटा बांधावयास लावले, गोऱ्या डॉक्टराकडून दुखापतीचा दाखला मिळविला व त्याला दंडाधिकाऱ्यापुढे नेले. मालकास शिक्षा व्हावी, ह्यापेक्षा मजुराची त्याच्या हातून सुटका व्हावी, हा हेतू होता. कायद्याप्रमाणे गिरमिट दुसऱ्या मालकाकडे वर्ग करणे शक्य होते. तसे करण्यात आले. मजुराची सुटका झाली ती गिरमिटातून नव्हे, तर एका मालकाकडून दुसऱ्याकडे, ही ह्या यशाची मर्यादा होय. तरी ही वार्ता मळ्यामळ्यांतून पसरली आणि गांधींच्या कचेरीत गिरमिटियांची रीघ लागली.

काँग्रेसच्या प्रारंभीच्या मागण्यांत आणखी एक उणेपणा होता. भारतीयांना आफ्रिकी लोकांच्या पंक्तीस बसवू नये, असा युक्तिवाद तिच्या अर्जांतून व गांधींच्या तत्कालीन लिखाणातून येतो. दरबानच्या टपाल कचेरीत यूरोपीयांसाठी एक आणि भारतीय व आफ्रिकी लोकांसाठी एक, अशी दोन दारे होती. काँग्रेसने तक्रार केली, तेव्हा तिसरे दार करण्यात आले. संस्थेच्या पहिल्या अहवालात ह्याची नोंद आहे. झुलू लोकांच्या भूमीवर झुलूंना वगळून मागितलेला हा न्याय होता, असे आज म्हणावे लागते.

१८९६ मध्ये काँग्रेसचे प्रतिनिधी म्हणून गांधी भारतात आले. प्रवास व छपाई ह्यांच्या खर्चासाठी संस्थेने ७५ पौंड दिले होते. त्यांचा तपशीलवार हिशेब त्यांनी सादर केला. राजकोट येथे त्यांनी लिहिलेली पुस्तिका हिरव्या वेष्टनामुळे ‘हिरवी पुस्तिका’ म्हणून ओळखली जाते. मुंबईस फिरोजशाह मेहता ह्यांच्या पुढाकाराने सभा झाली. पुण्यात लोकमान्य टिळक व गोपाळ कृष्ण गोखले ह्या दोघांचीही त्यांनी भेट घेतली. सभेला कोणत्याही पक्षाचा नसलेला अध्यक्ष हवा, म्हणून टिळकांनी रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांचे नाव सुचविले आणि भांडारकरांनी ते मान्य केले. एरवी एका व्यासपीठावर न येणारे पुणेकर परदेशस्थ मजुरांच्या प्रश्नावर एकत्र आले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. इकडे नाताळमध्ये ह्या दौऱ्याचे विपर्यस्त वृत्त पोहोचले. गांधी सहकुटुंब परतले, तेव्हा त्यांचे जहाज बंदराबाहेर तीन आठवड्यांहून अधिक काळ अडविण्यात आले व १३ जानेवारी १८९७ रोजी दरबानच्या रस्त्यात गोऱ्या जमावाने त्यांना मारहाण केली. पोलीस अधीक्षक अलेक्झांडर ह्यांच्या पत्नीने आपली छत्री मध्ये धरून त्यांना वाचविले. हल्लेखोरांवर खटला भरण्यास गांधींनी नकार दिला. त्यांच्या अनुपस्थितीत आदमजी मियाखान ह्यांनी चिटणिसाचे काम इतके नेटाने केले, की सभासद वाढले व निधीत सु. एक हजार पौंडांची भर पडली. पुढे तो निधी पाच हजार पौंडांपर्यंत गेला. त्यातून घेतलेल्या मालमत्तेवरून नंतर तंटे झाले. सार्वजनिक संस्थेने कायम निधीवर जगू नये, हे गांधींचे मत त्या अनुभवातून बनले.

काँग्रेसबाहेरची सेवाही ह्याच काळातली. पारशी रुस्तमजी ह्यांच्या देणगीतून डॉ. बूथ ह्यांच्या देखरेखीखाली एक लहान धर्मार्थ रुग्णालय निघाले होते. गांधी रोज सकाळी जाण्यायेण्यासह दोन तास तेथे देत. रुग्णांची तक्रार विचारून ती डॉक्टरांना सांगणे व औषध बनवून देणे, हे त्यांचे काम. रुग्णांत बहुसंख्य गिरमिटिये होते. बोअर युद्धात १८९९–१९०० मध्ये उभारलेल्या भारतीय रुग्णवाहक पथकात सु. १,१०० लोक होते. त्यांपैकी सु. ३०० स्वतंत्र भारतीय व बाकीचे मळ्यांतून आलेले गिरमिटिये होते. स्पायन कॉपच्या लढाईत जखमींना डोल्यांतून वाहून नेताना त्यांना दिवसाला वीस ते पंचवीस मैल चालावे लागले. युद्धपदके मात्र पथकाच्या ३७ नायकांना मिळाली.

१९०१ मध्ये गांधी भारतात परत निघाले, तेव्हा समाजाने त्यांना सोन्याचांदीच्या व हिऱ्यांच्या वस्तू भेट दिल्या. कस्तुरबांसाठी ५० गिनींचा हार होता. विनामूल्य सेवेबद्दल भेट घेतली, तर ती सेवा विनामूल्य कशी राहिली, ह्या विचाराने गांधींनी सारे दागिने विश्वस्तांच्या स्वाधीन केले. कस्तुरबांचा त्याला विरोध होता. पतीच्या घरी येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी आपण रात्रंदिवस राबलो, ती सेवा नव्हे काय, असा त्यांचा रोकडा सवाल होता. गांधींनी हा संवाद स्वतः नोंदविला आहे. सवालाचे उत्तर मात्र त्यात सापडत नाही. मानद चिटणिसाच्या बिऱ्हाडाचा भार कोणावर पडत होता, हे काँग्रेसच्या हिशेबवह्यांत कोठेच आलेले नव्हते.

गांधींनंतर बॅरिस्टर आर. के. खान व मनसुखलाल नाझर ह्यांनी चिटणिसाचे काम सांभाळले. गांधी १९०२ अखेर परतले ते ट्रान्सव्हालमध्ये आणि लढ्याचे केंद्र जोहॅनिसबर्गकडे सरकले. १९१२ मध्ये गोखले दक्षिण आफ्रिकेत आले असता तीन पौंडांचा कर रद्द करण्याचे आश्वासन आपणास मिळाले, असे त्यांना वाटले. ते पाळले गेले नाही. ऑक्टोबर १९१३ मध्ये न्यूकॅसलच्या कोळसाखाणींतील गिरमिटियांनी ह्या कराविरुद्ध संप केला व दोन हजारांहून अधिक स्त्रीपुरुष ट्रान्सव्हालच्या सरहद्दीकडे चालत निघाले. ह्याच सुमारास काँग्रेसच्या चिटणिसांनी व जुन्या व्यापारी पुढाऱ्यांनी गांधींच्या धोरणास विरोध केला. त्यांच्या पाठीराख्यांनी नाताळ इंडियन असोसिएशन ही निराळी संस्था काढली आणि संपकऱ्यांच्या साहाय्याचे काम तिच्यामार्फत झाले. १९१४ च्या कायद्याने कर रद्द झाला. एकोणीस वर्षांपूर्वी काँग्रेसने सुरू केलेली मागणी जिंकली गेली, ती काँग्रेसच्या बाहेर व तिची वर्गणी भरू न शकणाऱ्या माणसांच्या बळावर.

पुढे काँग्रेसचे पुनरुज्जीवन झाले, तरी १९४५ पर्यंत नेतृत्व बहुधा सधन व मवाळ वर्गाकडे राहिले. त्या वर्षी एडिंबरो येथे शिकलेले डॉ. जी. एम्. नायकर अध्यक्ष झाले. १९४६ मध्ये भारतीयांच्या जमीनमालकीवरील निर्बंधांविरुद्ध तिने सत्याग्रह केला. मार्च १९४७ मध्ये नायकर, ट्रान्सव्हालचे डॉ. युसूफ दादू आणि आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे डॉ. झूमा ह्यांनी सहकार्याचा करार केला. टपाल कचेरीचे तिसरे दार मागणारी भूमिका त्यामुळे मागे पडली. १९६० नंतरच्या दडपशाहीत थांबलेले कार्य १९७१ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १९८४ च्या त्रिसदनी संसदेच्या निवडणुकांवरील बहिष्कारात काँग्रेस आघाडीवर होती. १९९० नंतर तिचे स्वतंत्र कार्य ओसरले. गांधींच्या घरी राहून वकिली व काँग्रेसचे काम करणारे आर. के. खान ह्यांनी आपली संपत्ती मृत्युपत्राने विश्वस्त निधीस दिली. दरबानजवळील चॅट्सवर्थ ह्या भारतीय वस्तीतील रुग्णालयास त्यांचे नाव आहे.